गाडीत गाणी कोणाची लावायची? वाचक विचारतात

गेल्या अंकात विचारलं होतं की सणासुदीला मोबाईलचे कुठले प्रश्न डोक्याला ताप देतात, तर आलेल्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा निघाला, चार माणसं जमली की गाणी कोणी निवडायची, आणि हे काम मशीनवर ढकलून आपण मोकळं होऊ शकतो का. म्हणून ह्या वेळी अख्खा कॉलम त्याच्यावरच. नावं कोणाचीच छापत नाहीये, घरातली भांडणं आहेत शेवटी.

प्रश्न: ताई, दरवर्षी गणपतीला आम्ही घरातले चौदा जण टेम्पो ट्रॅव्हलर करून डोंबिवलीहून कुडाळला जातो. ज्याचा फोन पहिला ब्लूटूथला जोडला जातो त्याची गाणी, असा आजवरचा नियम. आजीला भजनं पाहिजेत, काकांना भजन नायतर नाट्यगीत, आम्हा पोरांना डीजेवाली. पनवेलच्या आधीच वाजतं सगळ्यांचं, आजी मागून ओरडते "बंद कर रे मेल्या ता!" आणि शेवटी ड्रायव्हर वैतागून स्वतःची लावतो. सगळ्यांची आवड बघून आपोआप गाणी लावणारं काही आहे का?
— वैतागलेला नातू, डोंबिवली (गाव कुडाळ)

उत्तर: आहे ना बाबा, ॲप आहे, ते सांगतेच. पण ॲपने आतमध्ये नक्की काय हिशोब करायचा हे कोणीतरी ठरवलेलं असतं, आणि तुमचं भांडण त्या हिशोबाचंच आहे, फोनचं नाहीये.

तुमच्या गाडीतलीच चार माणसं घे. आजी, काका, तू आणि तुझी बहीण. प्रत्येकाने एक ते पाच मार्क द्यायचे. भजनाला आजी ५, काका ४, तू १, बहीण २. डीजेला आजी १, काका १, तू ५, बहीण ५. आणि नव्वदच्या दशकातली हिंदी सिनेमाची गाणी, त्यांना चौघांनी पण ३-३ दिले, म्हणजे आवडत नाहीत असं नाही, पण त्यासाठी कोणी जीव टाकणार नाही. आता बेरीज कर. तिन्हीची १२. सरासरी तिन्हीची ३. म्हणजे सरासरी काढणाऱ्या मशीनला तुझ्या आजीचा वैताग दिसतच नाही, कारण तुझ्या आनंदाने तो खोडून टाकलाय.

म्हणून दुसरी रीत निघाली, की सरासरी बघायचीच नाही, सगळ्यात नाखूष माणसाचे मार्क बघायचे. मिनेसोटा विद्यापीठातल्या लोकांनी २००१ मध्ये पॉलीलेन्स म्हणून मित्रमंडळींना मिळून बघायला सिनेमा सुचवणारी सिस्टीम मांडली होती, तिथे हाच हिशोब होता, ग्रुपमधला सगळ्यात कमी खूश माणूस जितका खूश तितकाच तो ग्रुप खूश. तुमच्या गाडीत ही रीत लावली तर सरळ नव्वदची गाणी जिंकतात, कारण तिथे कमीत कमी मार्क ३ आहेत आणि बाकी दोन्हीकडे १.

झालं मग? नाही ना! सिनेमा दोन-अडीच तासांत संपतो. गणपतीच्या ट्रॅफिकमध्ये बारा तास सलग सगळ्यांना ३ मार्कांची गाणी म्हणजे लग्नात सगळ्यांना चालेल म्हणून केलेली बिनमिरचीची आमटी, कोणी नाव ठेवत नाही आणि कोणी दुसऱ्यांदा मागत पण नाही. एकच गाणं निवडायचं असेल तर सगळ्यात नाखूष माणूस बघावा, पण आख्खा प्रवास निवडायचा असेल तर पाळी लावावी, ह्या मताची मी आहे. ज्युडिथ मास्टहॉफ ह्या संशोधक बाईंनी २००४ मध्ये टीव्ही कार्यक्रमांवर असंच काम छापलं, लोकांनाच विचारलं की तुम्ही एका ग्रुपसाठी कार्यक्रमांची यादी कशी लावाल, तर लोक आपणहून दोन गोष्टी सांभाळत होते, कोणाचा फार छळ होऊ नये आणि प्रत्येकाला कधीतरी आपलं मिळावं. आपल्या घरच्या बायका पंगतीला वाढताना हेच बघतात म्हणा.

तर आता तुझ्या गाडीचं. बारा तासांतले चार तास झोपेचे सोड, उरले आठ, म्हणजे ४८० मिनिटं, चौदा जणांत प्रत्येकी साधारण ३४ मिनिटं. गाणी मोजू नकोस हां, मिनिटं मोज. कारण डबलबारीतला, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यातला, एक गजर रंगला की तेवढ्यात तुझी चार-पाच गाणी होतात आणि मग "आमची दोनच झाली, पोरांची दहा" असं आजी गणित मांडणार आणि परत भांडण. निघायच्या आधी आठवडाभर फॅमिली ग्रुपवर प्रत्येकाकडून ३४ मिनिटांची यादी माग. प्रत्येकाला दोन नकार दे, दुसऱ्याच्या यादीतली कुठलीही दोन गाणी तो कारण न देता उडवू शकतो. दोनच का, तर बिनहिशोबी नकार दिले की सगळ्यात कुरकुऱ्या माणूस गाडीचा मालक होतो. नाखूष माणसाकडे बघणाऱ्या रीतीची हीच तर कमजोरी आहे, एकट्याने आपलं सोडून बाकी सगळ्याला १ मार्क दिला की यादी त्याच्या मुठीत.

लावताना एकाची सलग ३४ मिनिटं लावू नकोस. दोन-तीन गाणी झाली की पाळी बदल, आणि जे वाजलं ते ज्याला सगळ्यात नकोसं होतं त्याची पाळी लगेच पुढे आण. म्हणजे डीजे झालं की आजी. हे एवढंच डोक्यात ठेवलंस तरी अर्धं भांडण मिटतं.

आणि ड्रायव्हर! तो तुमच्या चौदात नाही, पण पहाटे तीन ते पाच त्याचंच राज्य. त्याला जे ऐकून जाग राहते ते वाजेल, तिथे कसली लोकशाही नको.

आता ॲप. स्पॉटिफायने सप्टेंबर २०२३ मध्ये जॅम आणलं, एकाने सुरू करायचं, त्याच्याकडे प्रीमियम लागतं, बाकीचे आपापल्या फोनवरून जोडले जातात आणि एकाच रांगेत गाणी टाकतात, आणि सगळ्यांची आवड बघून ते स्वतः पण गाणी सुचवतं. बत्तीस जणांपर्यंत चालतं, तुम्ही चौदाच. छान आहे, पण त्याला चालू नेट लागतं, आणि घाटात रेंज गेली, बोगद्यात शिरलात, की सगळं ठप्प. म्हणून जॅम सपाटीला, आणि वर सांगितलेली यादी आधीच डाऊनलोड करून एकाच फोनमध्ये. तो फोन शक्यतो आत्याकडे दे, तू ठेवलास तर कोणी विश्वास ठेवणार नाही.

प्रश्न: चिपळूणला आमची छोटी जिम आहे. सकाळी लेडीज बॅच, मग कॉलेजची पोरं, संध्याकाळी नोकरीवाले. प्रत्येक बॅचला वेगळी गाणी पाहिजेत आणि बॅचमध्ये पण वाद. कोण आलंय ते बघून आपोआप गाणी बदलली तर? हे कुठे कोणी केलंय का?
— जिमवाला, चिपळूण

उत्तर: दादा, तुमच्या डोक्यात आलेलं हे अगदी असंच्या असं १९९८ मध्ये छापून आलंय, आणि ते पण जिमसाठीच! अमेरिकेत अँडरसन कन्सल्टिंग कंपनीच्या फिटनेस सेंटरमध्ये म्युझिकएफएक्स नावाची सिस्टीम बसवली होती. मेंबरने आत येताना बॅज लावला की मशीनला कळायचं कोण हजर आहे. प्रत्येकाने ९१ प्रकारच्या संगीताला आधीच मार्क देऊन ठेवलेले, उणे २ म्हणजे अजिबात नको आणि अधिक २ म्हणजे फारच आवडतं.

त्यातला हिशोब मला भारी इंटरेस्टिंग वाटतो. प्रत्येकाच्या मार्कात २ मिळवायचे आणि वर्ग करायचा. म्हणजे अधिक २ चे होतात १६, अधिक १ चे ९, शून्याचे ४, उणे १ चा १ आणि उणे २ चे शून्य. मग जे हजर आहेत त्यांची बेरीज. समजा तिघी आल्यात. एका प्रकाराला तिघींनी अधिक १ दिलाय, नऊ त्रिक सत्तावीस. दुसऱ्याला दोघींनी अधिक २ आणि तिसरीने उणे २, म्हणजे १६ आणि १६, बत्तीस आणि शून्य. साधी बेरीज केली असती तर पहिला प्रकार जिंकला असता, तीनला दोन. वर्ग केल्यावर दुसरा जिंकतो. म्हणजे ही रीत प्रेमाला जास्त वजन देते आणि रागाला कमी, वरच्या डोंबिवलीच्या पोराला सांगितलं त्याच्या बरोब्बर उलट.

आणि जिमसाठी मला ते पटतं. तिथे माणूस पाऊण तासासाठी येतो, कानात स्वतःचे इयरफोन घालू शकतो, नाहीच जमलं तर बॅच बदलू शकतो. कुडाळच्या गाडीतली आजी कशेडी घाटात उतरून कुठे जाणार आहे? माणसाला उठून जाता येतंय का हे बघा आणि मग ठरवा कोणाचं ऐकायचं.

अजून एक चांगली गोष्ट होती त्यात, पहिला नंबर आलेला प्रकारच सारखा वाजवत नव्हते. वरच्या काही प्रकारांतून चिठ्ठी काढायचे, फक्त ज्याचे मार्क जास्त त्याच्या चिठ्ठ्या जास्त. नाहीतर त्याच बायका रोज येणार आणि रोज तेच वाजणार.

तुम्हाला एवढं मशीन नको. बॅचवार फॉर्म भरून घ्या, प्रकार आठ-दहाच ठेवा, हजेरीचं बायोमेट्रिक असेलच तर त्यावरून कोण येतं ते कळतं, बाकी गणित एका शीटमध्ये होतं, तुमच्या कॉलेजच्या पोरांपैकी कोणीही करून देईल. एक मात्र सांभाळा, हिशोब कसा चालतो ते कळलं की लोक खोटे मार्क देतात, आपल्या एकाला अधिक २ आणि बाकी सगळ्यांना उणे २. म्हणून प्रत्येकाला वाटायला ठरावीकच पॉइंट द्या, समजा वीस, कसे वाटायचे ते त्याचं तो ठरवेल.

प्रश्न: मी आणि मिस्टरांनी स्पॉटिफायचं ब्लेंड केलं. दोघांची मिळून एक प्लेलिस्ट येईल म्हणाले. आली ती निम्मी बडबडगीतं! आम्ही दोघं कुठे ऐकतो ती?
— एक वहिनी, दापोली

उत्तर: तुम्ही नाही ऐकत वहिनी, पण बाळाला भरवताना तुमच्याच फोनवर कोण ऐकतं? मशीनला फोन दिसतो, मांडीवर कोण बसलंय ते दिसत नाही. पुढच्या वेळी बाळासाठी लावताना सेटिंगमधलं प्रायव्हेट सेशन चालू करा, आणि बडबडगीतांची एक वेगळी प्लेलिस्ट करून तिच्या तीन टिंबांच्या मेनूत जाऊन ती तुमच्या आवडीच्या हिशोबातून वगळा, तसा ऑप्शन आहे. मग काही दिवसांनी ब्लेंड सुधारतं. आणि त्यावर तुमचं जुळण्याचं टक्केवारीचं जे काही येतं ते सासूबाईंना दाखवू नका.

प्रश्न: आमचा निवृत्त शिक्षकांचा कट्टा मांडवीला संध्याकाळी बसतो. कीर्तन, नाट्यगीत की गझल यावर रोज मतदान घेतो आणि रोज निकालावर वाद होतो. संपूर्ण न्याय्य अशी मतदानाची पद्धत गणिताने सिद्ध झाली आहे काय?
— गणिताचे मास्तर, रत्नागिरी

उत्तर: मास्तर, सिद्ध झालंय ते उलटं! केनेथ ॲरो यांनी १९५१ मध्ये दाखवलं की पर्याय तीन किंवा जास्त असले आणि लोक फक्त पसंतीचा क्रम देत असले, तर अगदी साध्या वाजवी वाटणाऱ्या चार अटी सगळ्या एकदम पाळणारी पद्धत असूच शकत नाही. तुमच्या कट्ट्यावरच बघा. एकाचा क्रम कीर्तन, नाट्यगीत, गझल. दुसऱ्याचा नाट्यगीत, गझल, कीर्तन. तिसऱ्याचा गझल, कीर्तन, नाट्यगीत. आता दोन-दोन घेऊन मतं मोजा, कीर्तन नाट्यगीताला हरवतं, नाट्यगीत गझलेला हरवतं आणि गझल कीर्तनाला हरवते, प्रत्येक वेळी दोन विरुद्ध एक. गोल गोल फिरत बसा. हे कॉन्डोर्से नावाच्या फ्रेंच माणसाने १७८५ मध्येच लिहून ठेवलंय. बोर्डा नावाच्या दुसऱ्या फ्रेंच माणसाच्या पद्धतीने पहिल्याला २, दुसऱ्याला १, तिसऱ्याला शून्य असे पॉइंट दिले तरी तिन्ही प्रकारांना तीन-तीनच पडतात, करून बघा.

सुटायची वाट एकच दिसते मला, क्रम विचारू नका, किती आवडतं ते विचारा, आणि आज जो हरला त्याचं उद्या पहिलं. रोज भेटता ना, मग रोजच्या रोज न्याय कशाला पाहिजे, महिन्याचा हिशोब जुळला म्हणजे झालं.

प्रश्न: ताई, आमच्या वाडीत गणपतीत रात्री आरत्या, भजन झालं की स्पीकरवर गाणी लावतो. ॲपला एक-दोन डबलबारी ऐकवली आणि म्हटलं आता तूच पुढची लाव, तर त्याने लगेच हिंदी रिमिक्स लावलं, सगळे बुवा उठून गेले. ह्याला आमचं कळत का नाही?
— वाडीतला स्पीकरवाला, देवगड

उत्तर: कारण त्याला गाणं कळतंच असं नाही रे, बऱ्याच वेळा त्याला फक्त माणसं कळतात. ज्यांनी हे ऐकलं त्यांनी अजून काय ऐकलं, बस, मुख्य आधार तो. एमआयटीमध्ये १९९४ च्या सुमाराला रिंगो नावाची सिस्टीम होती, लोक ईमेलवरून कलाकारांना मार्क पाठवायचे आणि ती त्यांच्यासारखीच आवड असलेली माणसं शोधून त्यांच्या आवडीचे कलाकार ह्यांना सुचवायची. आजची ॲपं गाण्याची चाल, वेग, आवाज पण तपासतात, पण हा पाया गेलेला नाही.

आता डबलबारीचं काय होतं बघ. ऐकणारे आपले लोक ती बहुतेक यूट्यूबवर बघतात नायतर व्हॉट्सॲपवर आलेली फाईल ऐकतात, तुझ्या ॲपवर ती ऐकणारे मोजके. त्यात कोणी बुवांचं नाव एका स्पेलिंगने टाकलेलं, कोणी दुसऱ्या, मशीनच्या लेखी ते दोन वेगळे बुवा. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे रात्रभराची बारी दोन-तीन तासांच्या एकाच फाईलमध्ये असते. रूपाचा अभंग, गजर, गौळण, मध्येच समोरच्या बुवांना मारलेले टोमणे, पखवाज परत चढवताना गेलेली पाच मिनिटं, हे सगळं मिळून मशीनला ते एकच "गाणं" दिसतं. त्यातलं तुला काय आवडलं हे त्याला कळणार कसं? मग ते अंधारात उडी मारतं, आणि महाराष्ट्रात रात्री दहाला स्पीकर असलेले बाकीचे लोक जे लावतात ते लावतं.

ह्यावर आपोआप असं काही नाही, एकदा हाताने करावं लागेल. फाईल कापायचं कुठलंही साधं ॲप घे, गजर वेगळे काप, गौळणी वेगळ्या, प्रत्येकाला बुवांचं नाव एकाच पद्धतीने दे. त्यांची प्लेलिस्ट कर आणि मग ती शफलवर टाक, ऑटोप्ले बंद करून. बंद नाही केलंस तर यादी संपल्या संपल्या परत रिमिक्स. वाडीतल्या एखाद्या म्हाताऱ्या बुवांना शेजारी बसव कापताना, कुठे गजर खरा सुरू होतो ते त्यांनाच कळतं.

दहाचं भान ठेव पण. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर नाही, २००० सालचा ध्वनिप्रदूषणाचा नियम आहे, सणाला सरकार काही ठरावीक दिवस बारापर्यंत सूट देतं ती तेवढीच. स्पीकर बंद करून पखवाज-झांज घेऊन घरात बसा, खरी मजा तिथेच आहे.

प्रश्न: प्लेलिस्टमध्ये एक गाणं ऐकू येत नाही आणि पुढचं कानठळ्या बसवतं. काय करू?
— गुहागर

उत्तर: सेटिंगमध्ये ऑडिओ नॉर्मलायझेशन चालू करा. जुनी रेकॉर्डिंग हळू असतात, नवी मुद्दाम जोरात केलेली असतात, हे दोघांना एका पातळीवर आणतं. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फाईलींना फोनच्या साध्या प्लेअरमध्ये हा फायदा मिळेलच असं नाही.

प्रश्न: मालवणजवळ आमचा होमस्टे आहे. नाश्त्याला आणि रात्री जेवायला गाणी लावते, पुण्याच्या फॅमिलीला एक पाहिजे, बेळगावच्या ग्रुपला दुसरं. पाहुण्यांना न विचारता, आपोआप सगळ्यांना चालेल असं काही लावता येईल?
— होमस्टेवाली, तारकर्ली

उत्तर: आधी कडू गोष्ट. स्पॉटिफायसारखं घरगुती अकाउंट धंद्याच्या जागी वाजवायला नसतं, त्यांच्या अटींतच ते फक्त वैयक्तिक वापरासाठी म्हटलंय. पाहुण्यांसमोर रेकॉर्ड केलेली गाणी लावायची तर लायसन्सचा विषय येतो, रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा आणि शब्द-संगीताचा वेगळा, पहिल्यासाठी पीपीएल आणि दुसऱ्यासाठी आयपीआरएस ह्या संस्था आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात धार्मिक विधी आणि लग्नाच्या वरातीला सूट आहे, कोळंबीच्या थाळीला नाही. सीझन सुरू व्हायच्या आधी एखाद्या जाणकाराला विचारून घ्या.

आता निवडीचं. तुमचे पाहुणे दोन दिवसांचे, त्यांच्याकडून नव्वद प्रकारांचे मार्क कोण भरून घेणार? इथे उलटी रीत चालते. न्यू मेक्सिको विद्यापीठातल्या काही जणांनी ॲडॅप्टिव्ह रेडिओ म्हणून केलं होतं, त्यात काय आवडतं हे विचारायचेच नाहीत, फक्त नको असलेलं सांगायचं, आणि हजर असलेल्यांपैकी कोणीच नको म्हटलं नसेल ते वाजायचं. विचारायला सोपं, कारण माणसाला काय पाहिजे ते पटकन सांगता येत नाही, पण काय नको ते लगेच येतं. चेक-इनला ओळखपत्र बघता तेव्हाच पाच-सहा प्रकारांचा एक छोटा कागद पुढे करा, नको त्यावर फुली मारा म्हणावं. त्या दिवशी जेवढ्या खोल्या भरल्यात तेवढे कागद एकत्र ठेवले की उरलेलं काय ते दिसतं, तेच लावायचं, त्यात तुमच्या आवडीचं असेल तर तुमचं नशीब.

त्या कागदावर "काहीच नको" असा एक चौकोन पण ठेवा. समुद्र शंभर पावलांवर असताना तुमच्याकडे येणारे निम्मे लोक तोच ऐकायला आलेले असतात असा माझा संशय आहे, आणि हा चौकोन कोणी भरला तर त्या वेळेपुरता स्पीकर सरळ बंद, बाकीच्यांनी काहीही मागू दे. कोणाला फारच हौस असेल तर त्याच्या खोलीत टीव्ही आहेच.